“मी कुठेही ३४२ लिहिलेलं नाहीये”: कोटांच्या चुका आणि कंपायलरचा सल्ला

भाचीचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, सी भाषा शिकते आहे. “मामा, प्रोग्रॅम पाच ओळींचा आहे आणि एरर सात आहेत. सहांमध्ये ‘स्ट्रे’ असं काहीतरी आहे आणि पुढे ३४२, २००, २३४ असे आकडे. मी कुठेही ३४२ लिहिलेलं नाहीये!”

खरंच लिहिलेले नव्हते. प्रॅक्टिकलच्या पीडीएफमधून तिने एक ओळ उचलून एडिटरमध्ये चिकटवली होती. (या लेखात छापण्याच्या आज्ञेला मी ‘छापा’ म्हणतो आहे. तिच्या प्रोग्रॅममध्ये ती आज्ञा आणि हॅलो हा शब्द अर्थातच इंग्रजी अक्षरांत होता.)

छापा(“हॅलो”);

आणि हवी होती ती ओळ अशी:

छापा("हॅलो");

दोन्ही ओळी पुन्हा एकदा सावकाश पाहा. पहिलीतले कोट, म्हणजे अवतरणचिन्हे, वळणदार आहेत, दुसरीतले सरळ. मी तिला म्हटलं, कोट पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाइप कर. तिने केले आणि प्रोग्रॅम चालला. पण एवढे सांगायला मामा का लागावा? समोर बसलेल्या कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, हे सांगता आले नसते का? येते. अलीकडे बरेच कंपायलर सांगतातही. पण त्यासाठी आत काय काय करावे लागते ते कळले, की एररचा मजकूर वाचण्याची आपली रीतच बदलते.

आधी ३४२ कुठून आला ते पाहू.

संगणकाला अक्षर म्हणजे क्रमांक. सरळ दुहेरी कोटाचा क्रमांक ३४, सरळ एकेरीचा ३९. हे क्रमांक आस्की या १९६३ साली आलेल्या सारणीतले आहेत. टाइपरायटरवर कळा मोजक्याच, म्हणून उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या कोटासाठी तिथे एकच सरळ चिन्ह असे. तीच काटकसर आस्कीत आली आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी तेच चिन्ह धरले. छापखान्यातले वळणदार कोट ही वेगळीच चिन्हे आहेत. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सारणीत उघडणाऱ्या दुहेरीचा क्रमांक ८२२०, मिटणाऱ्याचा ८२२१, आणि एकेरी जोडीचे ८२१६ व ८२१७. वर्डमध्ये आपण सरळ कोटाची कळ दाबली तरी तो आपल्यासाठी कोट वळवून देतो. आयफोनही २०१७ च्या आयओएस ११ पासून तेच करतो. लेटेक या मजकूर जुळवायच्या साधनात केलेल्या पीडीएफमध्ये तर प्रोग्रॅमच्या ओळींतला सरळ एकेरी कोटही, त्यासाठी वेगळी सोय केली नाही तर, वळणदार होऊन उतरतो. पत्र लिहिताना, पुस्तक छापताना हे सगळे हवेच असते. प्रोग्रॅमला मात्र ते चालत नाही.

८२२० हा क्रमांक फाइलमध्ये साठवायला तीन बाइट लागतात. ते तीन बाइट अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठाच्या पटीत मोजून लिहिले, तर होतात ३४२, २०० आणि २३४. मिटणाऱ्या कोटाचे होतात ३४२, २००, २३५. जुना जीसीसी (सी भाषेचा एक कंपायलर) फाइल एकेक बाइट करून वाचायचा आणि ओळखू न आलेल्या प्रत्येक बाइटबद्दल ‘स्ट्रे’, म्हणजे भटका, अशी वेगळी तक्रार करायचा. दोन कोट, सहा बाइट, सहा एरर. सातवा एरर असा की कोटांचे कुंपण गेल्यामुळे ‘हॅलो’ हा शब्द उघड्यावर पडला. कंपायलरला वाटले हे कुठल्या तरी व्हेरिएबलचे नाव आहे, आणि ते कुठे जाहीर केलेले नाही. सात एरर, चूक एक.

कंपायलरने सांगितलेले अक्षरन् अक्षर खरे होते, आणि तरीही भाचीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कारण त्याने स्वतःला काय दिसले ते सांगितले. तिने काय केले असावे याचा विचार त्यात नव्हता.

या पहिल्या प्रकारच्या चुकीवरचा इलाज सोपा आहे. रस्ट भाषेच्या कंपायलरमध्ये दिसायला सारख्या चिन्हांचा एक लांबलचक तक्ताच आहे. वळणदार कोट सरळ कोटासारखा दिसतो, ग्रीक प्रश्नचिन्ह अर्धविरामासारखे दिसते, अशा शेकडो जोड्या. अनोळखी चिन्ह आले की कंपायलर तक्त्यात पाहतो. उघडणारा वळणदार कोट सापडला, तर पुढे त्याचा मिटणारा जोडीदार आहे का हेही बघतो. असला तर दोघांबद्दल मिळून एकच एरर देतो: ही दोन चिन्हे दुहेरी अवतरणासारखी दिसतात, पण ती ती नव्हेत. खाली दुरुस्त ओळही लिहून देतो. पायथन पूर्वी ‘नावात चुकीचे अक्षर आहे’ एवढेच म्हणायचा. मुलांना प्रश्न पडायचा, कुठल्या नावात? मी तर कोट टाकला होता. आता तो ते चिन्ह आणि त्याचा युनिकोड क्रमांक दोन्ही दाखवतो. स्विफ्टचा कंपायलरही वळणदार कोट ओळखून बदलून देतो. असा तक्ता करणे कष्टाचे आहे, अवघड नाही, आणि शिकणाऱ्यांसाठी याहून स्वस्त मदत मला दुसरी माहीत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. सरळ कोटांच्या आत वळणदार कोट असणे पूर्ण बरोबर आहे. मराठी संवाद छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये "तो म्हणाला, “ये.”" अशी ओळ असणारच. तिला हात लावला तर लेखकाचा मजकूर बिघडेल. तक्ता काढायचा तो कोटांच्या बाहेर अनोळखी चिन्ह भेटले तरच.

एकेरी की दुहेरी

दुसऱ्या प्रकारच्या चुकीत चिन्ह योग्य असते, पण जागा दुसऱ्याची असते. हा प्रकार मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथे चूक अज्ञानातून येत नाही. आधी शिकलेल्या गोष्टीतून येते.

सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिच्यात एकेरी कोट म्हणजे एकच अक्षर, आणि दुहेरी कोट म्हणजे अक्षरांची माळ. हा फरक शोभेचा नाही. एकेरी कोटातला इंग्रजी मोठा ए म्हणजे ६५ हा आकडा, बस. दुहेरी कोटातली माळ मात्र मेमरीत कुठेतरी ठेवलेली असते आणि प्रोग्रॅमच्या हाती तिचा पत्ता येतो. एक म्हणजे मुठीतला मणी. दुसरे म्हणजे माळ कोणत्या खुंटीला टांगली आहे त्याची चिठ्ठी. मणी मागितला तिथे चिठ्ठी दिली, किंवा उलट, तर चालणार कसे? १९९५ मध्ये आलेल्या जावाने आणि २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या रस्टने हाच नियम घेतला.

पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये असा फरक नाही. तिथे 'नमस्कार' आणि "नमस्कार" तंतोतंत एकच. पीएचपी, पर्ल, रूबी यांत दोन्हींत माळच असते, पण दुहेरी कोटात व्हेरिएबलची किंमत भरली जाते आणि एकेरीत मजकूर जसाच्या तसा राहतो. आज पुष्कळ मुलांची पहिली भाषा पायथन असते. वर्षभर एकेरी कोट टाइप करून बोटांना सवय लागते. मग दुसऱ्या वर्षी जावा येते आणि मूल लिहिते:

छापा('नमस्कार');

यावर निरनिराळे कंपायलर काय म्हणतात ते ऐकण्यासारखे आहे.

सी भाषा कधी कधी रागावतही नाही. एकेरी कोटात एकाहून जास्त अक्षरे असली तर ती त्यांचा मिळून एक आकडा करते. इंग्रजी ए आणि बी ही छोटी अक्षरे एकेरी कोटात शेजारी ठेवली तर जीसीसी ९७ ला २५६ ने गुणून त्यात ९८ मिळवतो आणि २४९३० देतो, सोबत फक्त एक इशारा. लांब शब्द असेल तर ‘हे या प्रकारात मावत नाही’ असा इशारा. मग तो आकडा छापण्याच्या आज्ञेला पत्ता म्हणून जातो. बरीच वर्षे हेही इशाऱ्यावरच निभावत होते. प्रोग्रॅम तयार व्हायचा आणि चालवताच कोसळायचा. आकडा पत्त्याच्या जागी देणे हा जीसीसी १४ पासून, म्हणजे २०२४ पासून, सरळ एरर आहे.

जावाचा कंपायलर म्हणतो: अक्षराचा कोट मिटलेला नाही. तेही दोनदा, एकदा पहिल्या कोटाशी आणि एकदा दुसऱ्याशी. त्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. एकेरी कोटानंतर एक अक्षर वाचले की लगेच मिटणारा कोट हवा होता, तिथे ‘न’ नंतर ‘म’ आला. पण मुलाला पडद्यावर मिटणारा कोट ढळढळीत दिसतो आहे! ‘मिटलेला नाही’ हे वाचून ते आणखी एक कोट टाकून बघते, मग आणखी एक. चुकीचा सल्ला न देताही एरर माणसाला चुकीच्या वाटेला लावू शकतो, तो असा.

गो भाषेचा कंपायलर म्हणतो: एका अक्षराच्या जागी एकाहून जास्त अक्षरे आहेत. हे स्वच्छ आहे, पण मग करू काय, याचे उत्तर नाही.

रस्ट म्हणतो: अक्षराच्या कोटात एकच चिन्ह असू शकते. आणि खाली मदतीची ओळ: तुम्हाला अक्षरमाळ लिहायची असेल तर दुहेरी कोट वापरा. बरोबर दुरुस्त ओळ. यातला ‘असेल तर’ मला फार आवडतो. कंपायलर अंदाज बांधतो आहे आणि हा अंदाज आहे हे तो लपवत नाही. हा अंदाज भक्कम का आहे? कारण एकेरी कोट उघडला, आत चार-सहा अक्षरे, मग एकेरी कोट मिटला, अशी रचना कुठल्याही बरोबर रस्ट प्रोग्रॅममध्ये असूच शकत नाही. दुसरा अर्थच नसला की सल्ला देणाऱ्याचे काम सोपे होते.

आता त्याच ओळीत एक शब्द वाढवू.

एका मोकळ्या जागेने केलेला घोटाळा

छापा('नमस्कार मंडळी');

माणसाच्या नजरेला ही आधीचीच चूक आहे. रस्टच्या कंपायलरला मात्र ती अगदी वेगळी दिसते, आणि का ते समजायला त्याच्या वाचण्याच्या पद्धतीत थोडे शिरावे लागेल.

कंपायलरचा पहिला टप्पा म्हणजे लेक्सर. तो फाइल डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तिचे तुकडे पाडतो: हे नाव, हा आकडा, हा कंस, ही अक्षरमाळ. हे तुकडे म्हणजे टोकन. अर्थ लावायचे काम पुढच्या टप्प्यांचे. लेक्सरला वाक्य माहीत नसते, फंक्शन माहीत नसते. समोरची दोन-तीन अक्षरे पाहून त्याला निर्णय घ्यावा लागतो.

रस्टमध्ये एकेरी कोटाला दोन कामे आहेत. एक, अक्षर. दुसरे, लाइफटाइम, म्हणजे उसनी घेतलेली वस्तू किती काळ वापरता येईल त्या मुदतीचे नाव. लाइफटाइमच्या सुरुवातीला एकेरी कोट असतो, शेवटी नसतो: 'अ असे. म्हणून एकेरी कोट दिसला की लेक्सर पुढची अक्षरे नाव म्हणून गिळत जातो. नाव संपल्यावर लगेच एकेरी कोट आला, तर हे एकेरी कोटातले अक्षर होते असे ठरवतो. त्यात अक्षरे जास्त असतील तर वर पाहिलेली तक्रार करतो. कोट आला नाही, तर हा लाइफटाइम.

'नमस्कार' मध्ये नाव संपताच कोट आला. 'नमस्कार मंडळी' मध्ये नाव संपले आणि मोकळी जागा आली. झाले. ‘नमस्कार’ हा लाइफटाइम ठरला. मंडळी हे साधे नाव ठरले. त्याच्या पुढचा एकेरी कोट नव्या अक्षराची सुरुवात ठरला. त्या अक्षरात कंस आणि अर्धविराम गेले, आणि ते कधी मिटलेच नाही. एरर आला: अक्षराचा कोट मिटलेला नाही. बाण कुठे? ओळीच्या शेवटच्या कोटावर. म्हणजे जो कोट माणसाने मिटवण्यासाठीच टाकला होता, त्यालाच कंपायलर ‘उघडा राहिला’ म्हणतो.

रस्टच्या २०२१ च्या एडिशनने यात भर घातली. कोटाला चिकटून आधी एखादा शब्द आला तर तो उपसर्ग समजायचा आणि भविष्यासाठी राखून ठेवायचा, असा नियम तिने केला. नियम दूरदृष्टीचा आहे. त्याच जागेचा उपयोग करून २०२४ मध्ये रस्ट १.७७ ने सी भाषेच्या पद्धतीच्या अक्षरमाळांसाठी एक नवा उपसर्ग आणला. पण आपल्या ओळीत ‘मंडळी’ हा शब्द नेमका कोटाला चिकटलेला आहे! त्यामुळे आणखी एक एरर: ‘मंडळी’ हा उपसर्ग अनोळखी आहे. ज्याने कालपर्यंत पायथन लिहिले त्याने उपसर्ग हा शब्द इथे कसा समजून घ्यायचा?

यावर काढलेला तोडगा मला हुशारीचा वाटतो. लेक्सरने एवढेच करायचे, की शेवटचा लाइफटाइम कुठे सुरू झाला ती जागा लक्षात ठेवायची. पुढे न मिटलेल्या अक्षराची किंवा अनोळखी उपसर्गाची तक्रार करायची वेळ आली, की मागे वळून पाहायचे. आधी लाइफटाइम होऊन गेला आहे का? असेल, तर बहुधा तो लाइफटाइम नव्हता आणि हे अक्षर नव्हते. ती एका अक्षरमाळेची दोन टोके होती. मग दोन्ही टोकांना दुहेरी कोट सुचवायचे. टोकन पाडायचा नियम जराही बदललेला नाही, भाषा तशीच आहे. एक जागा आठवणीत ठेवल्याने एररच्या शेवटी मदतीची ओळ आली.

चूक जिथे झाली ती जागा आणि चूक जिथे कंपायलरच्या लक्षात आली ती जागा, या दोन वेगळ्या असतात. या क्षेत्रातली जवळजवळ सगळी मेहनत त्या दोन जागांमधले अंतर कापण्यात जाते.

मिटायचा राहिलेला कोट

ते अंतर सगळ्यात लांब होते तिसऱ्या प्रकारात: दुहेरी कोट उघडला आणि मिटायचा राहिला.

सी, जावा किंवा पायथनमध्ये साध्या कोटातली माळ एका ओळीपलीकडे जात नाही. ओळ संपली की कंपायलरला कळते. पायथन पूर्वी म्हणायचा, ‘माळ वाचता वाचता ओळ संपली’. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून म्हणतो, ‘अक्षरमाळ मिटलेली नाही’, आणि बाण माळ जिथे उघडली तिथे दाखवतो. फरक शब्दांचा वाटतो, पण पहिले वाक्य कंपायलरचे दुखणे सांगते आणि दुसरे लिहिणाऱ्याचे.

रस्टमध्ये माळ कितीही ओळी जाऊ शकते. तिथे एक कोट राहिला की पुढचा भेटेल तो कोट तिला मिटवतो, आणि तो असतो पुढच्या माळेचा उघडणारा कोट. तिथून पुढे फाइल उलटीपालटी होते, सदऱ्याची बाही उलटी व्हावी तशी. जे मजकूर होते ते प्रोग्रॅम झाले, जे प्रोग्रॅम होते ते मजकूर. माळांमधले मराठी शब्द उघड्यावर येतात आणि कंपायलर त्यांना व्हेरिएबल समजतो. संवादातले वळणदार कोट बाहेर पडतात आणि पहिल्या प्रकारातला तक्ता जागा होऊन भलत्याच ठिकाणी ‘इथे सरळ कोट घाला’ असे सुचवू शकतो. तेव्हा एका चुकीवरचा चांगला सल्ला दुसऱ्या चुकीत दिशाभूल करतो. म्हणून कोटांबद्दल ढीगभर विचित्र एरर एकदम आले, तर मी सगळ्यात वरचा एरर बघतो आणि तिथूनही दोन-चार ओळी मागे जातो. एडिटरमधले रंग इथे कंपायलरच्या आधी धावून येतात. अख्खी फाइल मजकुराच्या रंगात रंगली, की ती जिथून रंगली तिथे कोट राहिला आहे.

याच कुळातली आणखी एक चूक म्हणजे कोटाच्या आत तोच कोट.

छापा("तो "ये" म्हणाला")

पायथनला यात तीन तुकडे दिसतात: एक माळ, मग ये नावाचे काहीतरी, मग दुसरी माळ. इतकी वर्षे उत्तर असायचे ‘सिंटॅक्स चुकला’. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ ने त्यात एक प्रश्न जोडला: हा भाग अक्षरमाळेतच असायला हवा होता का? माळ, नाव, माळ, असा क्रम बरोबर प्रोग्रॅममध्ये येत नाही हे ओळखून विचारलेला प्रश्न आहे. पुढच्या मुलांना हा प्रश्न कंपायलर विचारेल याचे मला फार समाधान आहे.

डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेबद्दल थोडक्यात, कारण तिथे सगळेच उलट आहे. मजकूर एकेरी कोटात, आणि दुहेरी कोटात रकान्याचे किंवा टेबलाचे नाव. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये गाव = "पुणे" असे विचारले तर तो सांगतो की पुणे नावाचा रकानाच नाही. कोटाचा उल्लेखही नाही. मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये दुहेरी कोटातही मजकूर चालवून घेतो, म्हणून एकीकडे शिकलेला दुसरीकडे अडखळतो. एसक्यूलाइट तर त्या नावाचा रकाना सापडला नाही की गुपचूप त्याला मजकूर समजतो. रकान्याचे नाव लिहिताना चूक झाली तर एरर न येता चुकीचे उत्तर येते. तिथल्या दस्तऐवजातच ही सवलत चुकली असे मोकळेपणाने मान्य केलेले आहे. भाषेने चूक पोटात घालणे आणि कंपायलरने चूक समजावून सांगणे यांत मी नेहमी दुसऱ्याच्या बाजूने असेन.

सल्ला किती खात्रीचा

सल्ला देणे म्हणजे जबाबदारी. रस्टच्या कंपायलरमध्ये प्रत्येक सुचवणीवर तिच्या खात्रीची चिठ्ठी असते. काही सुचवण्या ‘यंत्राने परस्पर लागू केल्या तरी चालतील’ अशा, काही ‘चुकीच्या असू शकतात’ अशा, काहींत ‘रिकाम्या जागा माणसाने भरायच्या’ असतात, आणि काहींची खात्री ठरवलेलीच नसते. कार्गो हे रस्टचे साधन ‘फिक्स’ म्हटल्यावर पहिल्या प्रकारच्या सुचवण्या स्वतः लागू करते. वरची चिठ्ठी खालच्याला लावली तर यंत्र चांगला प्रोग्रॅम बिघडवेल. अनुभवी माणूस चुकीचा सल्ला वाचून पुढे जातो. नवशिका तो जसाच्या तसा करतो, एकाचे दोन एरर होतात, आणि मग त्याचा एरर वाचण्यावरचा विश्वासच उडतो. म्हणून शंका असेल तिथे सल्ला न देणे हाही निर्णय आहे.

सल्ल्यानंतर काय, हेही महत्त्वाचे. चूक ओळखली तर त्या तुकड्याला ‘हे बिघडलेले अक्षर आहे, याबद्दल सांगून झाले आहे’ अशी खूण करायची, म्हणजे पुढचे टप्पे त्यावरून पुन्हा ओरडत नाहीत. भाचीचे सात एरर एका एररवर यायला ही खूण आणि आधीचा तक्ता, दोन्ही लागतात. एल्म या भाषेने २०१५ च्या सुमारास एररचा मजकूर माणसाशी बोलल्यासारखा लिहायला घेतला. २०१६ मध्ये रस्टने आपले एरर नव्याने मांडले तेव्हा ती प्रेरणा एल्मकडून घेतल्याचे खुलेपणाने सांगितले होते.

आपले अक्षर

आता मराठी लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली गोष्ट.

मराठी शब्दांवर काम करणारा कोणीतरी रस्टमध्ये लिहितो 'कि'. दुहेरी-एकेरीचा नियम त्याला पाठ आहे. एक अक्षर, म्हणून एकेरी कोट. एरर येतो: एकच चिन्ह असू शकते. तो म्हणणार, एकच तर आहे! आपण शाळेत कि हे एक अक्षर म्हणून गिरवले. युनिकोडला मात्र ते दोन दिसतात: क, क्रमांक २३२५, आणि ऱ्हस्व वेलांटी, क्रमांक २३६७. रस्ट इथे एक जास्तीची टीप देतो, की या ‘क’ च्या मागे जोडचिन्ह आले आहे. मग दुहेरी कोटाचा सल्ला देतो, आणि तो बरोबर आहे. ही टीप नसती तर मराठी माणसाला तो सल्ला कोड्यासारखा वाटला असता.

याहून बारीक गोष्ट ऱ ची. दुसऱ्या, कोऱ्या, वाऱ्यावर या शब्दांतला तो पापणीसारखा र आपण रोज लिहितो. तो दोन प्रकारे साठवता येतो: एकच क्रमांक २३५३, किंवा र २३५२ आणि खालचा नुक्ता २३६४ असे दोन. पडद्यावर सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारचा ऱ एकेरी कोटात टाकला तर रस्ट दोन चिन्हे असल्याची तक्रार करतो, पण दुहेरी कोट सुचवत नाही. हे दोन मिळून एका क्रमांकात मावतात हे तो तपासतो आणि तो एकत्रित क्रमांक, २३५३, सुचवतो. लिहिणाऱ्याला एक अक्षरच हवे होते, आणि सल्लाही एका अक्षराचाच मिळतो.

पण 'क्षि' लिहून पाहा. क, हलन्त, ष, वेलांटी, असे चार क्रमांक. मधला ष हा पूर्ण व्यंजन आहे, जोडचिन्ह नाही. म्हणून जोडचिन्हाची टीप इथे येत नाही. फक्त ‘एकच चिन्ह असू शकते’ आणि दुहेरी कोटाचा सल्ला. म्हणजे ‘नमस्कार’ साठी जे उत्तर, तेच ‘क्षि’ साठी. दोघांच्या मनातली चूक मात्र वेगवेगळी आहे. पहिल्याला कोटांचा नियम माहीत नाही. दुसऱ्याला नियम माहीत आहे, त्याचा गैरसमज अक्षर म्हणजे काय याबद्दल आहे.

ही फट बुजवता येण्यासारखी आहे. माणसाला एक दिसणारे अक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते याचे नियम युनिकोडमध्ये आहेत, आणि २०२३ च्या १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरेही त्यांत एकसंध धरली जातात. क्षि पूर्ण एक गणले जाते. एकेरी कोटांमधला मजकूर या नियमाने एकच भरतो का, एवढे कंपायलरने पाहायचे. रस्टच्या मूळ फाइलींमध्ये अशा प्रत्येक एररसाठी एक मुद्दाम चुकवलेला छोटा प्रोग्रॅम असतो आणि शेजारी त्यावर कंपायलरने नेमके काय म्हणावे तो मजकूर. कोणी संदेश बदलला की चाचणीत फरक लगेच दिसतो. त्या ढिगात 'क्षि' असलेली एक फाइल पडावी, आणि तिच्या शेजारी असे काहीतरी: हे तुम्हाला एक अक्षर दिसते, पण यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. एकेरी कोटात एकच मावते. हे अक्षर पूर्ण हवे असेल तर दुहेरी कोट वापरा: "क्षि".